कोबा खालीवर आहे? टाइल्सचे बॉक्स आणण्याआधी जमीन नीट तपासा

श्रीपूर (ता. माळशिरस) : उसाचं बिल खात्यावर जमा झालं, घरात लग्न ठरलं किंवा घरकुलाचं राहिलेलं काम मार्गी लावायचं ठरलं, की पहिला विषय निघतो तो फरशीचा. जुना कोबा असतोच, त्यावर टाइल्स टाकल्या की घर उजळतं. दुकानात जाऊन डिझाइन पसंत करायला घरातली सगळी माणसं जातात, पण कोब्याला लेव्हल लावून बघायला कुणी जात नाही. मग वर्षा-दोन वर्षांत टाइलवर चालताना पोकळ आवाज यायला लागतो, कोपरे तुटतात, मोरीतलं पाणी उलटं खोलीत येतं. दोष टाइलला दिला जातो. बहुतेक वेळा तो टाइलच्या खाली असतो.

आपल्या भागात पूर्वी शहाबादी फरशी चालायची. कलबुर्गी जिल्ह्यातला शहाबाद सोलापूरपासून जवळ, त्यामुळे जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांपासून शाळांपर्यंत तीच फरशी दिसते. ती जाड, वजनदार आणि तिच्याखाली मालाचा जाड थर. खालची जमीन इंचभर खालीवर असली तरी गवंडी तो माल कमी-जास्त करून सांभाळून घ्यायचा. आता मोरबीहून येणारी सिरॅमिक टाइल जेमतेम ८ मिलिमीटर जाडीची असते. तिच्या अंगात स्वतःची ताकद फारशी नसते. खाली जसं असेल तशी ती बसते आणि खाली पोकळी असेल तर फुटते. शहाबादीच्या सवयीने सिरॅमिक बसवली की गडबड होते.

आधी हे ठरवा : कोबा वाकडा झालाय की हलतोय?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तोच विचारला जात नाही. कोबा खालीवर असण्याची कारणं दोन. एक, टाकतानाच तो नीट ओढला नाही. दोन, टाकताना सरळ होता, पण खालची जमीन हलल्यामुळे नंतर वाकडा झाला. पहिल्याचा इलाज सोपा आहे. दुसऱ्यावर कितीही भारी टाइल आणि कितीही महागाचं अ‍ॅडहेसिव्ह वापरलं तरी पैसा वाया जाणार.

श्रीपूर, महाळुंग, माळीनगर, अकलूज हा पट्टा उसाचा आणि काळ्या मातीचा. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचं पाणी शंभरेक वर्षांपासून खेळतंय. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याचमुळे. घराच्या जोत्याखाली हीच माती राहिली असेल, किंवा जोत्यातली भरणी मुरमाऐवजी पायाच्या खोदाईतून निघालेल्या काळ्या मातीने केली असेल, तर कोबा दर पावसाळ्यात उचलला जातो आणि दर उन्हाळ्यात बसतो. घराला लागून उसाचं रान असेल, मोरीचं पाणी भिंतीलगत मुरत असेल, तर एका बाजूची माती वर्षभर ओली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहते. मग कोबा एकाच अंगाने उचलला जातो. मुरमाड माळावर बांधलेल्या घरांना हा त्रास कमी. तिथं भरणी नीट ठोकली नसेल तर कोबा खचतो, पण एकदा खचून बसला की बहुतेक वेळा तिथंच थांबतो.

ओळखायचं कसं? भेगा बघा. केसासारख्या, जाळीसारख्या पसरलेल्या भेगा वरवरच्या असतात; ऊन लागून किंवा पाणी कमी मारल्यामुळे पडलेल्या. त्यांची काळजी करू नका. भेग बोटाच्या नखात अडकण्याएवढी रुंद असेल आणि तिची एक कड दुसरीपेक्षा वर असेल, तर सावध व्हा. खोलीचा मधला भाग पोटासारखा फुगलेला असेल आणि भिंतीलगत खाली असेल, दरवाजा पावसाळ्यात घासतो आणि उन्हाळ्यात मोकळा होतो असं असेल, तर खालची माती हलतेय असं समजा. खात्री करायची तर भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची आडवी पट्टी ओढा, तिच्यावर तारीख टाका. एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे.

एवढं थांबायला कुणाला वेळ नसतो, हे खरं. पण घरकुलाचा विचार करा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी केंद्राच्या निकषाप्रमाणे सपाट भागात १ लाख २० हजार रुपयांचं अर्थसाहाय्य ठरलेलं आहे आणि घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. एवढ्या पैशात टाइल्स सहसा बसत नाहीत. त्या नंतर पदरच्या पैशाने किंवा बचत गटाच्या कर्जातून बसवल्या जातात. ते काम दोनदा करणं कुणालाच परवडत नाही.

जमीन हलत असेल तर

तर कोबा फोडावा लागेल. याला पर्याय सांगणारे भेटतील, जाळी टाकून वरून दोन इंच काँक्रीट ओता म्हणतील. खालची माती तशीच राहिली तर ते दोन इंचही तिच्यासोबत उचलले जातील.

फोडल्यावर काळी माती निदान दीड-दोन फूट काढून टाका. भिंतीच्या पायाला मात्र हात लावू नका. पायाच्या तळापेक्षा खाली खोदायचं नाही आणि भिंतीलगत खोदाई टप्प्याटप्प्याने करायची. मग मुरूम भरायचा, तोही एकदम नाही. सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मस. परत सहा इंच, पाणी, धुम्मस. ट्रॉली रिकामी करून वरून पाण्याचा पाइप सोडून दिला म्हणजे भरणी झाली असं नाही. पाण्याने वरचा थर बसतो, खालचा तसाच भुसभुशीत राहतो. मुरमावर दगडाचं सोलिंग आणि त्यावर चार इंच काँक्रीट. बाहेरच्या बाजूने भिंतीला लागून अडीच-तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा घराबाहेर उतार देऊन टाका, म्हणजे पत्र्याचं आणि मोरीचं पाणी पायाशी मुरणार नाही. हा पट्टा राहून जातो, कारण तो दिसण्यात भर घालत नाही. काळ्या मातीच्या घराला मात्र टाइलपेक्षा त्याची गरज जास्त.

नवीन काँक्रीट टाकलं असेल तर त्यावर लगेच टाइल नको. २८ दिवस जाऊ द्या.

नाणं, पाणी आणि प्लास्टिकचा कागद

जमीन स्थिर आहे असं ठरलं की कोब्याची तपासणी. यासाठी पैसे लागत नाहीत, अर्धा दिवस लागतो.

लोखंडी गजाचा तुकडा किंवा हातोडीचा दांडा घेऊन कोबा फूट-फूट अंतरावर ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर वरचा थर खालून सुटलाय. तिथं खडूने गोल करा. तेवढा भाग फोडून काढायचाच आहे; सुटलेल्या थरावर चिकटवलेली टाइल त्या थरासोबत निघणार.

मग बादलीभर पाणी ओता आणि ते कुठं साचतं ते बघा. डबक्याच्या कडेने खडू फिरवा. खोलीचे खोलगट भाग डोळ्यांना दिसत नाहीत, पाण्याला दिसतात.

तिसरी तपासणी ओलीची. दोन-तीन फूट चौरस प्लास्टिकचा कागद सुकलेल्या कोब्यावर टाकून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दुसऱ्या दिवशी उचला. खाली थेंब जमले किंवा कोबा काळपट ओला दिसला, तर जमिनीतून ओल वर येतेय. बागायती पट्ट्यात, विशेषतः जिथं रानं क्षारपड झाली आहेत तिथं, या ओलीबरोबर क्षारही वर येतात. भिंतीच्या तळाला लोणा लागलेला, पांढरी भुकटी सुटलेली दिसत असेल तर तीच गोष्ट फरशीच्या सांध्यांतून होणार. आधी बाहेरचं पाणी तोडा, कोबा सुकू द्या आणि मग सिमेंटमध्ये मिसळून लावायचं वॉटरप्रूफिंग कोटिंग द्या. ओलीवर नुसती टाइल दाबून ती थांबत नाही.

लेव्हल : पाण्याची नळी अजूनही सगळ्यात भरवशाची

लेझर मशीन असेल तर उत्तम. नसेल तर पारदर्शक लेव्हल पाइप पुरे. पाइपात बुडबुडा राहिला तर लेव्हल चुकते, एवढं फक्त बघा. नळीचे दोन्ही तोंडं एकमेकांजवळ धरून पाणी सारखं येतंय का ते आधी तपासा, मग चारही भिंतींवर कमरेएवढ्या उंचीवर एकच लेव्हलची रेघ मारा. रेघेवर लाइनदोरी ताणा आणि तीन-तीन फुटांवर दोरीपासून कोब्यापर्यंत टेपने मापं घ्या. प्रत्येक माप तिथंच कोब्यावर खडूने लिहा. जिथं माप सगळ्यात कमी, ती जागा सगळ्यात उंच.

एक उदाहरण घेऊ. १० बाय १२ ची खोली आहे. उंच जागी माप आलं साडेपस्तीस इंच, खोल जागी साडेछत्तीस. फरक एक इंच, मिस्त्रीच्या भाषेत आठ सूत. टाइल आणि अ‍ॅडहेसिव्ह मिळून अर्धा इंच धरला, तर तयार फरशी रेघेपासून ३५ इंचांवर येईल. खोल जागी टाइलच्या खाली एक इंच भरणं आलं.

आता दरवाजा उघडून बघा. फरशी वर आल्यावर दार फिरेल का? उंबरा फरशीच्या खाली जाईल का? पुढच्या खोलीची लेव्हल काय? मोरी आणि न्हाणी खोलीपेक्षा थोडी खाली राहिली पाहिजे. हे आत्ता बघितलं तर उंच जागा अर्धा इंच छिलून काढायची की नाही हे ठरवता येतं. टाइल बसल्यावर सुताराला बोलावून दार खालून कापून घ्यायची वेळ येते ती हे न बघितल्यामुळेच.

किती फरक, काय उपाय

सहा-सात फुटांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कोब्यावर आडवी ठेवली आणि तिच्याखाली ३ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे एका सुतापेक्षा जास्त फट कुठंच दिसत नसेल, तर काही करायची गरज नाही. अ‍ॅडहेसिव्हच्या थरात ते जिरतं. त्यापेक्षा जास्त असेल तर अ‍ॅडहेसिव्ह जाड लावून लेव्हल काढायचा मोह टाळा. ते चिकटवायचं साहित्य आहे, भरायचं नाही. जाड थर वाळताना आकसतो आणि टाइलचा एक कोपरा खाली ओढतो. शिवाय महाग पडतं ते वेगळंच. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १५४७७ या मानकाचा उल्लेख पोत्यावर असतो, पोतं घेताना तो आणि पॅकिंगची तारीख बघून घ्या. जुनं झालेलं पोतं चिकटत नाही.

एखाद-दुसरी गाठ वर आली असेल तर ती ग्राइंडरने घासून किंवा छिन्नीने छिलून काढणं सगळ्यात स्वस्त. उंचवटा काढला की भरायचा मालही कमी लागतो. ग्राइंडर चालवताना तोंडाला नुसता रुमाल पुरत नाही. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसते ती कायमची. चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि जमीन ओली ठेवून काम. मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा.

एक सुतापासून अर्ध्या इंचापर्यंतचे खड्डे अवघड जातीचे. एवढ्या पातळ थरात साधा सिमेंट-वाळूचा माल टिकत नाही, कडेने पापुद्र्यासारखा सुटतो. इथं मालात एसबीआर लॅटेक्स, म्हणजे दुधासारखं पांढरं पॉलिमर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घालून भरायचं किंवा तयार मिळणारा रिपेअर माल वापरायचा. पाऊण इंच ते दीड इंच भरायचं असेल तर एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंट आणि चार भाग चाळलेली क्रश सँड, हा साधा माल चालतो. दोन इंचांच्या वर गेलात तर नुसता माल नको, बारीक खडीचं काँक्रीट टाका.

वरच्या १२० चौरस फुटांच्या खोलीत सरासरी अर्धा इंच भरायचं धरलं तर ओला माल ५ घनफूट लागतो. तेवढ्यासाठी सिमेंटचं एक पोतं आणि सव्वापाच घनफूट क्रश सँड पुरते. एवढा हा खर्च आहे.

गुळगुळीत कोब्याला काहीच धरत नाही

आपल्याकडचा जुना कोबा वरून सिमेंट भुरभुरून, थापीने घोटून आरशासारखा केलेला असतो, बऱ्याच घरांत लाल रंग घातलेला. दिसायला देखणा, पण त्यावर नवीन माल धरत नाही. छिन्नी-हातोड्याने सगळीकडे टोचे पाडा; दीड-दोन इंचांवर एक, पाव इंच खोल. चौकोन सोडून टोचे मारणारे कामगार असतात, तेव्हा जवळ उभं राहा. ऑइलपेंट, चुलीपाशी मुरलेलं तेल, ओसरीवर सांडलेलं डिझेल, जुन्या सारवणाचा थर, हे सगळं खरवडून निघालं पाहिजे. काही जण अ‍ॅसिड ओतून साफ करतात. त्याने घोटलेला थर खडबडीत होत नाही, तेल निघत नाही आणि उरलेलं अ‍ॅसिड सिमेंटला खातं. छिन्नीला पर्याय नाही.

मग झाडू, पाणी, परत झाडू. धूळ राहिली की सगळी मेहनत वाया.

माल टाकायच्या आदल्या रात्री कोबा भिजवा. सकाळी वरचं पाणी पुसून घ्या; जमीन ओली हवी, डबकं नको. सिमेंट आणि लॅटेक्सचा घट्टसर घोळ ब्रशने घासून लावा आणि तो ओला असतानाच त्यावर माल टाका. घोळ वाळला तर तो चिकटवत नाही, उलट मधे पडदा तयार होतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याच्या घरात तर हा घोळ बघता बघता वाळतो. म्हणून एका वेळी दोन-तीन घमेल्यांपुरतीच जागा घ्या, काम सकाळी लवकर करा आणि पंखा बंद ठेवा.

भरताना आधी लाइनदोरीच्या मापाने मालाचे छोटे गोळे बसवून लेव्हलच्या खुणा करा, त्यांच्यामध्ये माल दाबून भरा आणि पट्टीने ओढा. वरून घोटू नका. खरबरीतच राहू द्या, टाइलचं साहित्य त्यालाच धरणार आहे. सात दिवस गोणपाट अंथरून ओलं ठेवा. कामाला घाई आहे म्हणून दोनच दिवस पाणी मारलं तर तो थर पुढे हाताने खरवडला तरी निघतो. पाणी बोअरचं खारट असेल तर निदान माल कालवायला तरी पिण्याचं पाणी वापरा.

मोरीत आणि न्हाणीत ढाळही याच वेळी द्यायचा. चार फुटाला पाऊण इंच पुरतो. खालचा थर सपाट ठेवून टाइल बसवताना ढाळ काढू असं सांगणाऱ्याला थांबवा.

मिस्त्री म्हणतो, एवढं कशाला?

हा प्रश्न येणारच आणि त्यात थोडं तथ्य आहे. आपल्याकडचे बरेच गवंडी वेगळी लेव्हल न काढता टोचे मारलेल्या कोब्यावर इंचभर ओला माल टाकून, त्यावर सिमेंटचा घोळ ओतून थेट टाइल दाबतात. फूट बाय फूट किंवा सोळा इंची साध्या सिरॅमिक टाइलला ही पद्धत चालते. माल एकास चारचा असावा, नीट दाबलेला असावा आणि टाइल आधी पाण्यात भिजवलेली असावी. जमिनीत एक-दीड इंचाचा फरक असेल तर एका दमात काम होतं, खर्चही कमी.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली, माल ओला न टाकता वाळू-सिमेंट कोरडंच पसरायचं आणि वरून घोळ ओतायचा. घोळ वरच्या अर्ध्या इंचात थांबतो, खाली वाळू वाळूच राहते. पोकळ आवाज करणाऱ्या फरशा उचलून बघा, खाली बहुतेक वेळा हीच सुटी वाळू सापडते. दुसरी, दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल. ती पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यामुळे सिमेंटचा साधा घोळ तिला धरत नाही. त्या टाइलला अ‍ॅडहेसिव्हच हवं आणि अ‍ॅडहेसिव्हला सपाट जमीन हवी. टाइलच्या पाठीवर चार कोपऱ्यांना आणि मध्ये एक असे पाच ठिपके लावून चिकटवायची पद्धतही जमिनीवर नको. ठिपक्यांच्या मधल्या पोकळीवर गॅस सिलिंडर आदळला की टाइल गेली.

मिस्त्रीशी बोलणी करताना फरशीचा दर चौरस फुटावर ठरतो, त्यात लेव्हल काढणं धरलेलं आहे की नाही हे बहुतेकदा बोललंच जात नाही. मग ज्याला टोचे मारायचे पैसे मिळणार नाहीत तो टोचे कमी मारणार, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. टोचे मारणं, लेव्हलचा माल आणि डबर बाहेर टाकणं याचा दर वेगळा ठरवा आणि वहीत लिहून घ्या.

थर सुकल्यावर बसवायला सुरुवात करण्याआधी परत एकदा पट्टी फिरवा, परत एकदा पाणी ओता. गुण्या लावून खोलीचा काटकोन तपासा. जुन्या घरांत भिंती सरळ नसतात, म्हणून पहिली ओळ भिंतीला धरून नाही तर मधल्या दोरीला धरून लावतात. चारही भिंतींलगत दोन सुतांची फट मोकळी सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते आणि उन्हाळ्यात फरशी फुगायला जागा मिळते. टाइलमध्ये स्पेसर घाला. आणि दुकानातून टाइल घेताना एकाच बॅचचे चार-पाच नग जास्तीचे आणून ठेवा. दोन वर्षांनी त्याच डिझाइनची टाइल मिळाली तरी रंगाची छटा बहुतेक वेळा जुळत नाही.